गेट कोणी उघडायचं

रविवार, ३१ ऑगस्ट

दक्षिणेचा वारा. सकाळी गवतावर दव गोठलेलं, दुपारी ऊन. पहिली कोकरं झाली. दोन. दोन्ही आपापल्या पायांवर उभी.

वही बदलली. जुनी अजून अर्धी कोरी आहे, पण तिच्या रेघा इतक्या फिकट छापल्यात की लिहिता लिहिता ओळ डोंगर चढायला लागते. बॉलपेनंही हल्ली बारीक निघतात. नोलाने, माझ्या बायकोने, जॅमच्या बरण्यांवर नावं घालायचा जाड काळा मार्कर दिला, त्याने बरं लिहिलं जातं. पन्नास वर्षं लोकांच्या रानांना कुंपणं घातली आणि रोज हवा कशी होती, किती खांब झाले, एवढं लिहीत आलो. आता खांब नाहीत, हवा तेवढी उरली. सवय काही सुटत नाही.

लायसन्सवाल्यांचं पत्र आलं. ९ ऑक्टोबरला मला ऐंशी पुरी होतात, त्या दिवशी लायसन्स संपतं, पुढचं हवं तर डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा म्हणे. पंचाहत्तरीलाही आणलं होतं, त्यात काय विशेष! पत्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. या घरातले सगळे कागद त्या डब्यात जातात आणि वर्षातून एकदाच, उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करायच्या रविवारी, टेबलावर येतात. तो रविवार २८ तारखेला. घाई कसली?

घाई नाही, पण कागद महत्त्वाचा आहे, हे वहीपाशी कबूल करायला हरकत नाही. आमचं घर गावापासून एकतीस किलोमीटर, त्यातले सहा खडीचे, आणि घरापासून त्या खडीपर्यंत तीन गेटं. बस येत नाही. नोलाने गाडी कधी चालवलीच नाही. इकडचा नियमच आहे, चालवणारा बसून राहतो, शेजारचा उतरून गेट उघडतो, गाडी पार झाली की लावतो आणि परत येऊन बसतो. सत्तावन्न वर्षं मी चालवतोय आणि नोला गेटं उघडतेय. नवीन लग्न झालं होतं तेव्हा तिसरं गेट लावून ती वळेपर्यंत मी मुद्दाम गाडी शंभर पावलं पुढे नेऊन उभी करायचो. ती पळत यायची, शिव्या देत. जिलियन पोटात होती तेव्हा ते बंद केलं.

तर लायसन्स गेलं की घर गेलं, सरळ गोष्ट आहे. जिलियनने, म्हणजे आमच्या मुलीने, क्राइस्टचर्चला बसून गावातली म्हाताऱ्यांसाठीची घरं बघून ठेवलीच आहेत. दोन खोल्या, पुढे हातभर गवत. नोलाला विचारलं, "तुला आवडेल तिथे?"

"तिथे कोळशाची चूल आहे का?"

"नसणार."

"मग मला कशाला विचारतोस?"

एक कटकट झालीय. रस्त्याकडच्या कुंपणाचा पाचवा खांब कलला. हे कुंपण मी स्वतः घातलेलं, सत्त्याऐंशी सालचं. अठ्ठावीस खांब, आणि टोकाला उभं राहून बघितलं तर पहिल्यामागे बाकीचे सत्तावीस लपायचे. लोक गाड्या थांबवून बघायचे. आता पाचवा चक्क वाकलाय आणि तारांना मध्येच लाट आलीय. शेजारच्या रेविनच्या कालवडींचं काम, दुसरं काय. तिला फोन केला.

"मर्डो, माझ्या कालवडी महिनाभर टेकडीपलीकडे आहेत," ती म्हणाली. "तुझा खांब त्यांनी तिथून वाकवला असेल तर मी त्यांना सर्कशीत घालते."

साठीची बाई, पण जिभेला हाड नाही. वाऱ्याने कलला असेल.

बुधवार, ३ सप्टेंबर

नोलाचा गोधडीचा वार. सभागृहात पाचसहा बायका जमून गोधड्या शिवतात. ही फेब्रुवारीपासून जाते. रेविन घेऊन जाते, पण रेविनच्या गाडीत कायम एखादं आजारी वासरू, म्हणून आमची गाडी नेतात. चालवते रेविन. नोलाने हिरवा स्कार्फ बांधला की फ्लिंट उठतो तो थेट गाडीच्या मागच्या दाराशी. कुत्र्याला गोधडीत काय रस, देव जाणे.

गोधडी बघितली. म्हटलं, "फेब्रुवारीत होती तेवढीच आहे की गं."

नोला म्हणाली, "बारीक टाका आहे," आणि खिडकी उघडायला गेली. बाहेर सहा अंश होतं.

त्या गेल्यावर पाचवा खांब सरळ केला. दोन तास लागले, कंबर धरली. पण आता नजर ठरते.

रविवार, ७ सप्टेंबर

सप्टेंबरचा पहिला रविवार, म्हणजे इकडचा पितृदिन. ऊन. डॅफोडिल फुलले. नोलाने अंड्यांबरोबर मेंढीचे गुर्दे परतले, वर्षातून एकदाच मिळतात. जिलियनचा फोन.

"बाबा, वाचायला त्रास होतो का हल्ली?"

"मला नाही. वर्तमानपत्रवाल्यांना होतो. कागद वाचवायला अक्षर बारीक केलंय त्यांनी."

"आईला दे."

मग दोघी अर्धा तास. नोला फक्त "हो, हो, चाललंय, बुधवारी" एवढंच म्हणत होती. गोधडीची एवढी चौकशी!

गाडीची ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकते. दर गुरुवारी बसायला गेलो की गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला आपटतात. आरसाही खाली बघत असतो. रेविनने केलं म्हणावं तर रेविन गेटाच्या खांबाएवढी उंच, तिला सीट मागे लागेल, पुढे कशाला घेईल? तेव्हा रूळ झिजलाय, हाच निष्कर्ष. सीट काढली, रूळ घासला, ग्रीस भरलं. नोला दारात उभी राहून बघत होती. म्हटलं, "काय बघतेस?"

"काही नाही. छान सरकते आता."

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गारा. अकरा कोकरं. एक चुलीच्या खालच्या कप्प्यात ठेवलंय, कप्प्याचं दार उघडं. ओरडतंय म्हणजे जगेल.

गुरुवार, १८ सप्टेंबर

वायव्येचा वारा, उकाडा.

डॉक्टरकडे गेलो. नोलानेच वेळ घेतली होती. जाताना मी चालवली. नोलाची नेहमीची टकळी चालू होती, उजवीकडे गाय बांधलीय, पुढे सायकलवाला, पुलाजवळ कुणीतरी थांबलंय बघ. वर्षभर चाललंय हे. बाईमाणसाला बोलायला काहीतरी लागतं, मी मध्ये बोलत नाही.

डॉक्टरीणबाई लहान आहे, पंचविशीची वाटते, मला मर्डो म्हणते. छाती, रक्तदाब, गुडघे, सगळं उत्तम. मग चौकटींचा एक कागद पुढे धरला, मध्ये ठिपका. "एक डोळा झाका, ठिपक्याकडे बघा आणि मला काय दिसतं ते सांगा."

"कागद गचाळ छापलाय. मधल्या रेषा वाकड्या आहेत."

"रेषा सरळ आहेत, मर्डो."

"मला सरळ रेष शिकवू नका. पन्नास वर्षं तेच केलंय."

ती हसली नाही. चष्मेवाल्याचा कागद तिच्यापुढे होताच. म्हणाली, डोळ्यांच्या दवाखान्यातून आणखी एक अहवाल यायचाय, आला की लेखी कळवते. "तोवर चाकाला हात लावायचा नाही."

बाहेर आलो तर रेविन बाकावर बसलेली. तिचा भाऊ तिला गावात सोडून गेला होता म्हणे. नोलाने पर्समधून किल्ली काढून तिच्या हातात दिली. म्हणजे आधीच ठरलेलं! घरून निघतानाच हिला वाटत होतं की मी नापास होणार. चाळीस मिनिटं मी खिडकीबाहेर बघत बसलो. रेविनही गप्प होती, म्हणजे कमाल झाली.

पहिल्या गेटाशी गाडी थांबली. पुढच्या सीटवर मी होतो. नियमाने उतरायचं मी. मी बसून राहिलो. नोला मागून उतरली, उघडलं, लावलं. तिन्ही गेटं तिनेच केली.

शनिवार, २० सप्टेंबर

नोलाशी कामापुरतं बोललो. तिने माझ्या आवडीचे स्कोन केले. चार खाल्ले, पण बोललो नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

शांत हवा. वारा अजिबात नाही. दोरी लावायला उत्तम दिवस.

त्या पोरीचं वाक्य तीन दिवस डोक्यातून गेलं नाही. रेषा सरळ आहेत. शेवटी नोला कोंबड्यांकडे गेल्यावर शेडमधून जुनी दोरी काढली आणि रस्त्याकडच्या कुंपणाच्या पहिल्या खांबापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत ताणून बांधली. दोरीला नजरेची गरज नसते. ताणली की ती सरळच असते, तिला दुसरं येतच नाही. तरी मला ती मध्ये वाकडी दिसली.

मग मी डोळे मिटले आणि दोरीवर अंगठा ठेवून चालत गेलो. पहिला खांब दोरीला चिकटून. दुसरा, तिसरा, चौथा, तसेच. पाचवा तीन बोटं बाहेर. सहाव्यापासून पुन्हा सगळे चिकटून.

तीन बोटं. ३ तारखेला मी तो जेवढा सरकवला होता तेवढीच. म्हणजे खांब अडतीस वर्षं सरळच उभा होता आणि वाकडा मी केला.

तिथेच गवतावर बसलो. फ्लिंट येऊन पायावर डोकं ठेवून पडला. मग डोळे मिटूनच, हाताने चाचपत, परत होता तिथे घेतला. दोन तासांचं काम चाळीस मिनिटांत झालं. हातांना सगळं दिसतं अजून.

हे कुणाला सांगणार नाही. नोलाला तर नाहीच. ती चहाला हाक मारायला आली तेव्हा विचारलं, "काय करतोस रे खाली बसून?" म्हटलं, "हवा खातोय." भीती वाटली मला, खरी. गाडीची नव्हे. हे घर सुटेल याची, आणि घराबाहेर नोलाचं काय होईल त्याची.

बुधवार, २४ सप्टेंबर

नोला गोधडीहून आली ती गाल लाल, हातात दुकानातला क्रीमचा केक. आमच्या घरात विकतचा केक बाहेरचं कुणी मेल्याशिवाय येत नाही. "कशाबद्दल?" विचारलं.

"बुधवार आहे म्हणून."

रेविन गाडीतून उतरली नाही, पण हॉर्न दोनदा वाजवून गेली. काय झालंय या बायकांना कोण जाणे. केक चांगला होता.

रविवार, २८ सप्टेंबर

हवा स्वच्छ. वारा नाही. आज सगळं नीट लिहितो, वेळ लागला तरी.

घड्याळांचा रविवार. उठलो तेव्हा सहा वाजले होते, खाली येईपर्यंत सात केले. चुलीची राख काढली, काटक्या फोडल्या. मेंढ्यांना घड्याळाचं कुणी सांगितलेलं नाही, त्या जुन्याच वेळेला ओरडल्या. नोलाने ओटची पेज केली, मी दोन्ही धुराचे अलार्म झाडूच्या दांड्याने दाबून बघितले, फ्लिंटने दरवर्षीप्रमाणे दोन्ही वेळा गळा काढला. पाण्याच्या टाकीची जाळी धुतली, तिच्यात एक बेडूक आणि अर्धी बादली पानं. नोलाने चादरी वाळत घातल्या. मटण भट्टीत गेलं, रताळी सोलून झाली. दुपारी तीनला सभागृहात चहा, महिन्याचा शेवटचा रविवार म्हणून. रेविन येऊन घेऊन जाणार, असं मी धरून चाललो होतो.

मग डबा टेबलावर घेतला. गाडीची नोंदणी, फ्लिंटची नोंदणी, धुराड्याची तपासणी, एकेकाचा गठ्ठा लावायला लागलो. सगळ्यात वर एक कागद होता, नवा करकरीत. मोठं शीर्षक मला वाचता येतं, वैद्यकीय प्रमाणपत्र. खाली जाड अक्षरात आडनाव, मॅकर्डी. त्याखाली चौकटीत खूण, "वाहन चालवण्यास योग्य". शिक्का. सही.

खुर्ची मागे पडली इतक्या जोरात उठलो.

"नोला! पास!"

ती बटाटा सोलत होती. "काय पास?"

"त्या पोरीने सही केली! हा बघ, योग्य, खूण आहे, शिक्का आहे. मॅकर्डी! दहा दिवस उगाच सुतकी तोंड करून बसलो. सांगत नव्हतो मी, कागदच गचाळ छापलेला होता त्यांचा?"

आणि मी तिला कमरेला धरून चुलीपुढे एक गिरकी दिली, बटाट्यासकट. ती हसली नाही. सुरी खाली ठेवली, हात पुसले, पडलेली खुर्ची उभी केली.

"बस, मर्डो. चष्मा कुठाय?"

"नाकावर."

"मग नाव वाच. आडनाव नको, त्याच्या आधीचं."

आता लिहितोच, लपवून काय करू. गेलं वर्षभर मी जिथे बघतो नेमक्या तिथे एक करडा ठिपका असतो. आजूबाजूचं दिसतं, हवं तेच दिसत नाही. कोंबडं बघतं तशी मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेक अक्षर गोळा केलं.

"नोला जीन," मी वाचलं.

"हं."

"हे तुझं आहे."

"हं."

"तुला कशाला हवंय हे?"

तिने एप्रनच्या खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. बोट फिरवलं, गुळगुळीत, नवं. त्यावर तिचा फोटो, हिरव्या स्कार्फमधला. तो रंग मला दिसला.

"बुधवारी परीक्षा पास झाले," ती म्हणाली. "पहिल्या फटक्यात. कागद मीच डब्यात वर ठेवला, आज तू उघडशील म्हणून. तोंडाने सांगायला जमत नव्हतं. तू असं वाचशील हे डोक्यातच आलं नाही रे. गिरकी दिलीस तेव्हा काळजात चर्र झालं माझ्या."

मी चिडलो. चिडलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठ महिने माझ्या नाकाखाली, माझ्या गाडीत, माझ्याच कुत्र्याला सोबत घेऊन!

"रेविनने शिकवलं?"

"रेविनने. वळणापर्यंत ती, वळणाच्या पुढे मी."

"आणि गोधडी?"

"तिच्या आईची आहे. फेब्रुवारीपासून नेते आणि आणते. तू म्हणालास ना वाढत नाही म्हणून, तेव्हा घाम फुटला मला."

"सीट?"

"माझे पाय आखूड. मागे करायची विसरायचे. तू ग्रीस लावलंस त्यानंतर फार सोयीचं झालं."

"मला सांगितलं असतंस तर मी शिकवलं असतं!"

"तू?" तिने कमरेवर हात ठेवले. "एकाहत्तर साली शिकवलं होतंस. दहा मिनिटं. दुसऱ्या गेटाच्या खांबाला गाडी लागली. आठवतं?"

आठवलं. इतकी वर्षं आठवलं नव्हतं, आत्ता लख्ख आठवलं.

"तीन दिवस बोलला नव्हतास माझ्याशी," नोला म्हणाली. "गाडीचं काही नाही. खांब वाकडा झाला म्हणून. तेव्हाच ठरवलं, गेटं उघडेन जन्मभर, पण याच्याकडून शिकणार नाही."

पाचव्या खांबाची गोष्ट माझ्या जिभेच्या टोकावर आली आणि मग बाहेरच पडली. दोरी, अंगठा, तीन बोटं, सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती माझा अंगठा हातात धरून बसली.

"गेल्या वर्षीचा तो पूल आठवतो?" ती हळू म्हणाली. "एकेरी पूल, समोरून दुधाचा टँकर. मी थांब म्हणाले तेव्हा तू थांबलास. तुला दिसला नव्हता तो."

"दिसला होता."

"मर्डो."

"नव्हता दिसला."

"त्या दिवसापासून मी बोलतेय गाडीत. गाय, सायकल, पूल. घसा दुखायचा माझा. मग म्हटलं, हे असं किती दिवस पुरणार? माझी चूल मला सोडायची नाही, आणि तुलाही नाही."

आणि मी समजत होतो बाईमाणसाला बोलायला काहीतरी लागतं.

मटण उलटायची वेळ झाली, तिने उलटलं. पाठमोरीच म्हणाली, "तुझं पत्रही आलंय. बुधवारीच. मी उघडलं नाही, तुझ्या नावाचं आहे. नोंदणीच्या कागदाखाली ठेवलंय."

"वाच."

तिने वाचलं. छोटंच होतं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग झिजलाय, इंजेक्शनांनी पुढचं थांबवता येईल कदाचित, गेलेलं परत येणार नाही, प्रमाणपत्र देता येत नाही याचं वाईट वाटतं. खाली त्या पोरीने हाताने एक ओळ लिहिली होती, ती नोलाने दोनदा वाचली. "मर्डो, माझ्या वडिलांचं कुंपण तुम्हीच घातलंय. अजून सरळ आहे."

लायसन्सवाल्यांचं ते पत्र मी चुलीत टाकलं. ते काही लगेच पेटलं नाही, जाड कागद होता, काटकीने ढकलावं लागलं. मला वाटलं होतं काहीतरी मोठं वाटेल. भूक लागली होती, तेवढंच वाटलं.

जेवताना विचारलं, "मग काय नियम आहेत तुला?"

"रात्री दहानंतर चालवायची नाही."

"आपण साडेआठला झोपतो."

"आणि मुरलेला चालक शेजारी नसेल तर गाडीत कुणाला घ्यायचं नाही. नवरा सोडून. नवऱ्याला सूट आहे, कायद्यातच लिहिलंय."

"चला, सरकारने एवढं तरी केलं माझ्यासाठी."

ती हसली तेव्हा पुदिन्याचं सॉस तिच्या नाकात गेलं. दोघं डोळे पुसत बसलो. कुणाचे कशाने ओले झाले ते विचारलं नाही.

अडीच वाजता तिने हिरवा स्कार्फ बांधला, फ्लिंट मागच्या दाराशी गेला. मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे निघालो. ती तिथे किल्ली घेऊन उभी होती. मी गाडीला वळसा घालून पलीकडे गेलो. तो वळसा मला चांगलाच लांब वाटला.

गाडी नीट काढली तिने. मागे बघून, आरसा बघून, सगळं रीतसर. पहिल्या गेटाशी थांबवली. दोन्ही हात चाकावर, नजर समोर. मी बसलेला. इंजिन चालू. फ्लिंटने मागून एकदा कूं केलं.

"मर्डो," नोला म्हणाली, "ते आपोआप उघडायचं नाही."

उतरलो. साखळी काढली, गेट ढकललं. हलेना. खाली घासत होतं. खांद्याने उचलून, कमरेचा रेटा देऊन न्यावं लागलं, तेव्हा कुठे उघडलं. पन्नास वर्षं या मुलखातली गेटं बसवली मी, आणि माझं स्वतःचं पहिलं गेट जमिनीला टेकलंय हे मला आज कळलं.

"हे असं कधीपासून आहे?" खिडकीपाशी जाऊन विचारलं.

"ब्याण्णवपासून."

"बोलली नाहीस!"

"बोलले होते. ब्याण्णवमध्ये."

उद्या पहिलं काम ते. बिजागर वर घ्यायला डोळे लागत नाहीत.

दुसरं गेट नीट उघडलं. त्याचा खांब चाचपून बघितला. किंचित तिरका आहे, एकाहत्तर सालापासून. तो तसाच ठेवणार आहे.

तिसऱ्याला मी सरावलो होतो. उघडलं, गाडी माझ्यासमोरून पार झाली, लावलं, साखळी अडकवली, कडी ओढून बघितली. वळलो तर गाडी नाही. शंभर पावलं पुढे, माझ्या सरळ कुंपणाच्या कडेला, उभी. खिडकीतून हिरवा स्कार्फ हलत होता आणि तिचं हसणं माझ्यापर्यंत ऐकू येत होतं.

मला आता पळणं जमत नाही, चालतच गेलो. शिव्या मात्र तिच्या तेव्हाच्याच दिल्या, एकही विसरलो नव्हतो.